तारे, लेसर आणि तापीकाठ: खानदेशातल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बी.एस्सी.च्या मुलामुलींना भौतिकशास्त्र शिकवतो. वर्गात, प्रॅक्टिकलला, आकाशदर्शनाच्या रात्री गच्चीवर आणि हल्ली रात्री अकराला मोबाइलवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. त्या गोष्टी दोन ओळींत सांगितल्या तर त्यातलं भौतिकशास्त्रच गळून पडतं.

खगोलशास्त्र आणि प्रकाशभौतिकी हे दोन वेगळे विषय आहेत ना? तुम्ही ते एकत्र का शिकवता?

तारा प्रयोगशाळेत आणता येत नाही म्हणून. लोखंडाचा तुकडा तापवता येतो, वाकवता येतो, काट्यावर ठेवता येतो. व्याधाचा तारा फक्त उजेड पाठवतो, आणि त्याचं तापमान, त्यातली मूलद्रव्यं, त्याचा वेग हे सगळं त्या उजेडातूनच काढावं लागतं. त्यामुळे उजेड किती बारकाईने मोजता येतो, यावर खगोलशास्त्राची धाव ठरते. गेल्या तीसेक वर्षांत खगोलशास्त्रात जे मोठे शोध लागले, त्यांतले बरेचसे आधी लेसरच्या, आरशाच्या किंवा डिटेक्टरच्या प्रयोगशाळेत शक्य झाले आणि मग आकाशात दिसले.

एम.एस्सी.ला ‘खगोल घेऊ की ऑप्टिक्स’ असं विचारणाऱ्यांना मी म्हणतो, आधी प्रकाश नीट शिका. दोन्ही दारं त्याच ओट्यावर उघडतात.

उल्का तर हातात घेता येते. तिथेही प्रकाश लागतो का?

लागतो, आणि याचं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. २९ जून १८४३ रोजी खानदेशात मानेगावला एक उल्का पडली. जगभरच्या उल्कांच्या यादीत ती ‘मानेगाव’ याच नावाने नोंदलेली आहे. आज तिचे फार थोडे तुकडे उरले आहेत. ती डायोजेनाइट या दुर्मीळ प्रकारातली आहे. हा दगड एखाद्या मोठ्या लघुग्रहाच्या पोटात, खोलवर, शिलारसातून हळूहळू थंड होत तयार होतो.

तो लघुग्रह कोणता, हे कळलं प्रकाशामुळे. १९७० साली वेस्टा या लघुग्रहावरून परावर्तित होणाऱ्या सूर्यप्रकाशाचा वर्णपट घेतला गेला. त्यात ०.९ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास प्रकाश शोषला गेल्याचा एक खोल खड्डा दिसला. पायरोक्सिन नावाच्या खनिजातलं लोह नेमकं तिथेच प्रकाश शोषतं. प्रयोगशाळेत या कुळातल्या उल्कांची पूड करून तिचा वर्णपट घेतला, तर खड्डा त्याच जागी. पुढे २०११ ते २०१२ या काळात डॉन यान वेस्टाभोवती फिरलं आणि ही सोयरीक पक्की झाली.

आपल्या जिल्ह्याच्या शिवारात पडलेल्या दगडाच्या जातीचा पत्ता कोट्यवधी किलोमीटरवरच्या लघुग्रहापर्यंत लागतो, आणि तो सांगणारं उपकरण म्हणजे तुमच्या प्रॅक्टिकलमधल्या स्पेक्ट्रोमीटरचाच मोठा भाऊ. ग्रेटिंगची प्रॅक्टिकल कंटाळवाणी वाटली की ही गोष्ट आठवा.

हिंगोलीला जी प्रयोगशाळा होते आहे, ती नेमकी काय आहे? आपल्या मायकेलसन इंटरफेरोमीटरशी तिचा संबंध आहे म्हणतात.

संबंध कसला, ते तेच उपकरण आहे, फक्त त्याचे हात चार चार किलोमीटर लांब आहेत.

प्रॅक्टिकलमध्ये तुम्ही काय करता? प्रकाशाचे दोन भाग करता, दोन काटकोनातल्या वाटांनी पाठवता, आरशावरून परत आणता आणि एकत्र मिसळता. एक आरसा किंचित हलला की पट्टे सरकतात. गुरुत्वीय लहर, म्हणजे खुद्द अवकाशाच्या ताणण्या-आखडण्याचा तरंग, पृथ्वीवरून जाते तेव्हा एक हात किंचित लांबतो, दुसरा किंचित आखडतो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगोच्या दोन वेधशाळांनी अशी पहिली लहर टिपली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती, आणि सूर्याच्या साधारण तिप्पट वस्तुमान लहरींच्या रूपाने निघून गेलं होतं. एवढं होऊनही चार किलोमीटरच्या हातातला बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहून कमी होता. २०१७ चं नोबेल या कामाला मिळालं.

इतकं सूक्ष्म मोजणं जमतं कसं? एक तर प्रत्येक हातात आरशांच्या जोडीत प्रकाश शेकडो वेळा ये-जा करतो, त्यामुळे हाताची परिणामी लांबी वाढते. हात निर्वात नळीत असतात. सुमारे ४० किलोचे आरसे काचेच्या बारीक तंतूंवर टांगलेले असतात, म्हणजे जमिनीची थरथर त्यांच्यापर्यंत पोचत नाही. शेवटी उरतो प्रकाशाचा स्वतःचा स्वभाव. लेसरमधून फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, अगदी समान अंतराने येत नाहीत. पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तसे थोडे मागेपुढे पडतात. हा गोंगाट कमी करायला ‘स्क्वीझ्ड’, म्हणजे पिळलेला प्रकाश वापरतात. अनिश्चिततेच्या नियमाप्रमाणे प्रकाशाच्या कला (फेज) आणि आयाम (लहरीची उंची) या दोन्हींतली अनिश्चितता एकदम घालवता येत नाही, पण एकीतली कमी करून दुसरीत ढकलता येते. २०१९ पासून लायगोत हे नेमाने चालू आहे. क्वांटम ऑप्टिक्सच्या टेबलावर जन्मलेली युक्ती आज कृष्णविवरं मोजते आहे.

याचं फळही दिसलं. १४ जानेवारी २०२५ ला, आपल्याकडे संक्रांत होती त्या दिवशी, आलेली एक लहर पहिल्या लहरीपेक्षा कितीतरी स्पष्ट होती. कृष्णविवरं मिसळल्यावर त्यांच्या पृष्ठभागाचं एकूण क्षेत्रफळ कधीच कमी होत नाही, असं स्टीफन हॉकिंग यांनी १९७१ साली गणिताने मांडलं होतं. या लहरीवरून ते मोठ्या खात्रीने पडताळता आलं.

हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळच्या लायगो-इंडियाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. पृथ्वीच्या या बाजूला एक वेधशाळा आली, की लहर कुठे आधी पोचली आणि कुठे नंतर, यावरून ती आकाशाच्या कोणत्या भागातून आली हे खूप जास्त अचूक सांगता येईल. तिथे निर्वात तंत्रज्ञ, लेसर अभियंते, इलेक्ट्रॉनिक्सवाले, संगणकवाले असे सगळेच लागणार आहेत. आज अकरावीत असलेल्या मुलांनी हे लक्षात ठेवावं.

तारे का लुकलुकतात, आणि मोठ्या दुर्बिणींना त्याचा त्रास होतो का?

मे महिन्यात भुसावळच्या रस्त्यावर दुपारी पुढे पाणी साचल्यासारखं दिसतं. तापलेल्या डांबरालगतच्या हवेचा अपवर्तनांक वरच्या हवेपेक्षा कमी होतो, प्रकाश वाकतो आणि आकाश रस्त्यावर दिसू लागतं. ताऱ्याचा प्रकाश अशाच गरम-थंड हवेच्या हलत्या कप्प्यांतून खाली येतो, तेव्हा त्याची सपाट तरंगआघाडी सुरकुतते. लुकलुकणं ते हेच.

दोन मीटर व्यासाच्या दुर्बिणीने सिद्धांताप्रमाणे कमानसेकंदाच्या (कमानसेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) सोळाव्या भागाइतका बारकावा दाखवायला हवा. हवा तिला एका कमानसेकंदाच्या आसपास अडकवते. म्हणजे एवढा आरसा घासून घासून बनवायचा आणि त्यातली बहुतेक तीक्ष्णता वातावरणाला द्यायची.

यावरचा उपाय म्हणजे अनुकूली प्रकाशिकी, ज्याला सगळे अॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्स म्हणतात. एक सेन्सर तरंगआघाडीच्या सुरकुत्या मोजतो आणि एक लवचिक आरसा सेकंदाला शेकडो वेळा आपला आकार बदलून नेमक्या उलट सुरकुत्या घालतो. मोजायला जवळपास तेजस्वी तारा लागतो. तो नसेल तर? पृथ्वीपासून सुमारे ९० किलोमीटर उंचीवर सोडियमच्या अणूंचा एक विरळ थर आहे. त्यावर ५८९ नॅनोमीटरचा लेसर टाकला की ते अणू उजळतात आणि आकाशात कृत्रिम तारा तयार होतो. ५८९ हा आकडा ओळखीचा वाटतो ना? तुमच्या प्रयोगशाळेतल्या सोडियम दिव्याची हीच पिवळी रेषा.

चिलीत उभी राहत असलेली ३९ मीटरची दुर्बीण ७९८ तुकड्यांच्या आरशाची आहे, आणि लवचिक आरसा तिच्या मूळ रचनेतच बसवलेला आहे.

खोडदच्या रेडिओ दुर्बिणीने गुरुत्वीय लहरी पकडल्या हे खरं का?

‘पुरावा मिळवण्यात वाटा उचलला’ असं म्हणणं बरोबर. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांनी पल्सार, म्हणजे घड्याळासारखे नेमाने स्पंद देणारे मेलेले तारे, वर्षानुवर्षं मोजले. २९ जून २०२३ रोजी भारत, युरोप, अमेरिका, चीन आणि ऑस्ट्रेलियातल्या गटांनी एकाच वेळी जाहीर केलं, की या घड्याळांच्या ठोक्यांत अतिमंद गुरुत्वीय लहरींची चिन्हं दिसतात. या लहरींचं एक आवर्तन पुरं व्हायला कित्येक वर्षं लागतात.

यात आपल्या दुर्बिणीचं बळ तिच्या कमी वारंवारितेत आहे. ताऱ्यांमधल्या विरळ प्लाझ्मातून रेडिओ लहरी उशिरा पोचतात, आणि हा उशीर वारंवारितेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. कमी वारंवारितेला उशीर मोठा, म्हणून तो अचूक मोजून वजा करता येतो. प्रिझममध्ये जांभळा आणि तांबडा वेगळे होतात, त्याच जातीची ही गोष्ट.

दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह दिसत नाहीत, मग सापडतात कसे?

ग्रह ताऱ्याला ओढतो, म्हणून तारा किंचित मागेपुढे होतो आणि त्याच्या वर्णपटातल्या रेषा सरकतात. गुरू आपल्या सूर्याला सेकंदाला सुमारे साडेबारा मीटरने हलवतो, पृथ्वी फक्त नऊ सेंटिमीटरने. मुंगी चालते त्याहून थोडा जास्त वेग, तोही तापलेल्या, उसळणाऱ्या ताऱ्याचा! त्यासाठी तरंगलांबी दहा अब्जात तीन भाग इतक्या अचूकतेने मोजावी लागते.

मोजपट्टीच डगमगली तर काय करायचं? इथे २००५ च्या नोबेलचा संबंध येतो. फ्रीक्वेन्सी कोंब, म्हणजे लेसरचा कंगवा. त्यातून समान अंतरावरच्या हजारो रेषा निघतात आणि त्या अणुघड्याळाला बांधता येतात. ताऱ्याच्या वर्णपटाशेजारी हा कंगवा ठेवला की सरकणं मोजता येतं. भारतात अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचं ‘पारस-२’ हे उपकरण माउंट अबूला अडीच मीटरच्या दुर्बिणीवर ग्रह शोधतं आहे.

आकाश सोडून नुसत्या प्रकाशभौतिकीत सध्या काय चाललं आहे?

पुष्कळ. मला स्वतःला तीन गोष्टींचं फार आकर्षण आहे.

पहिली अॅटोसेकंद स्पंद. एक अॅटोसेकंद म्हणजे सेकंदाचे एकावर अठरा शून्यं एवढे भाग केले तर त्यातला एक. अणूतला इलेक्ट्रॉन याच काळात हलतो, आणि तो हलताना ‘पाहण्यासाठी’ तितकाच लहान प्रकाशाचा चमका लागतो. २०२३ चं नोबेल यासाठी पिएर अगोस्टिनी, फेरेन्क क्राउस आणि अॅन लुइलिये यांना मिळालं.

दुसरी पोकळ तंतू. नेहमीच्या ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश काचेतून जातो आणि साधारण १५ किलोमीटरला निम्मा होतो. पोकळ तंतूत तो हवेतून जातो. भोवतीच्या काचेच्या पातळ नळ्या त्याला आत धरून ठेवतात. २०२५ मध्ये अशा तंतूतली घट किलोमीटरला ०.१ डेसिबलपेक्षा कमी झाली, म्हणजे निम्मा व्हायला ३० किलोमीटरहून जास्त. शिवाय काचेपेक्षा हवेत प्रकाश वेगाने जातो. तुमचा व्हिडिओ कॉल ज्या केबलमधून जातो, ती पुढच्या काळात बदलू शकते.

तिसरी एकेका फोटॉनची हाताळणी. गुंतलेल्या फोटॉनांवरच्या प्रयोगांना २०२२ चं नोबेल मिळालं. आपल्याकडे एप्रिल २०२३ मध्ये सुमारे ६,००० कोटींची राष्ट्रीय क्वांटम मोहीम मंजूर झाली, त्यात क्वांटम दळणवळण हा मोठा भाग आहे.

यात भारतीय वारसाही आहे. रामन परिणाम २८ फेब्रुवारी १९२८ चा, हे सर्वांना पाठ असतं. पण शिवरामकृष्णन पंचरत्नम यांचं नाव माझ्या विद्यार्थ्यांपैकी क्वचितच कुणी ऐकलेलं असतं. १९५६ साली, विशीत असताना, त्यांनी बंगळुरूत दाखवलं की प्रकाशाचं ध्रुवण (लहर कोणत्या दिशेने हलते ते) एक फेरी मारून मूळ स्थितीत परत आलं, तरी त्याच्या कलेत फरक उरतो. तो फरक त्या फेरीच्या भूमितीवर ठरतो. आज सपाट, कागदासारखी पातळ भिंगं बनवतात, त्यांतल्या कित्येकांत हीच कल्पना वापरतात.

विश्वाबद्दलचा सर्वांत मोठा वाद कोणता?

विश्व किती वेगाने प्रसरण पावतं, हा. आदिविश्वाच्या सूक्ष्मलहरींवरून आकडा ६७ च्या आसपास येतो, जवळच्या ताऱ्यांवरून आणि सुपरनोव्हांवरून ७३ च्या आसपास (किलोमीटर प्रतिसेकंद, दर मेगापार्सेकला, म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांच्या अंतराला). दोन्ही गट आपापल्या चुका कसून तपासतात, तरी फरक मिटत नाही. मोजण्यात चूक आहे की भौतिकशास्त्रात काही नवं आहे, हे ठरायचं आहे. चिलीतल्या रुबिन वेधशाळेची पहिली चित्रं जून २०२५ मध्ये आली. ३,२०० मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने ती दहा वर्षं आकाश पुन्हा पुन्हा टिपणार आहे. या वादात तिची भर मोठी असेल.

“सर, आमना गावमा दुर्बीण नही शे, मंग आम्ही काय करानं?”

हा प्रश्न साक्रीकडच्या एका मुलाने विचारला होता आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

जुनी सीडी घ्या. तिच्यावरच्या खुणांच्या ओळी १.६ मायक्रॉन अंतरावर असतात. ६५० नॅनोमीटरचा लाल लेसर पॉइंटर तिच्यावर सरळ मारला, तर परावर्तित ठिपका बाजूला साधारण २४ अंशांवर पडतो. डीव्हीडीच्या ओळी ०.७४ मायक्रॉनवर, तिथे तोच ठिपका ६१ अंशांवर जातो. कोन मोजा, तरंगलांबी काढा, पॉइंटरवर छापलेल्या आकड्याशी ताडून पाहा. (लेसर कुणाच्याही डोळ्यात जाऊ देऊ नका, चकाकणाऱ्या सीडीवरून उसळलेलाही.)

मग डोक्याचा एक केस लेसरसमोर ताणून धरा. तीन मीटरवरच्या भिंतीवर उजेड-अंधाराचे पट्टे दिसतील. केस ७० मायक्रॉन जाड असेल, तर मधल्या ठिपक्यापासून पहिला काळा पट्टा पावणेतीन सेंटिमीटरवर येतो. घरातल्या सगळ्यांचे केस मोजा. आजीचा पांढरा केस जाड निघतो की बारीक, हे मी सांगणार नाही.

संध्याकाळी पोलरॉइड चष्मा घेऊन सूर्यापासून काटकोनात असलेलं आकाश पाहा आणि चष्मा फिरवा. आकाश गडद-फिकट होईल, कारण विखुरलेला प्रकाश ध्रुवित असतो. सूर्याकडे मात्र कशातूनही थेट बघायचं नाही.

या गोष्टी पोरखेळ वाटतात. पण वहीत तारीख, वेळ, पाच-पाच वाचनं, सरासरी आणि चूक लिहिली, की ते संशोधनाचं वळण होतं.

खानदेशातून आकाश कसं दिसतं? कुठे जावं?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. सातपुड्यात तोरणमाळ, यावल-पालचा जंगलभाग, दक्षिणेला चाळीसगावजवळचं पाटणादेवी, इथे अजून चांगला अंधार मिळतो. वनखात्याची परवानगी आणि सोबत मोठं माणूस हवंच.

आपला अक्षांश सुमारे २१ अंश. ध्रुवतारा तेवढाच खाली दिसतो, पण दक्षिणेचा लाभ मोठा. अगस्ती क्षितिजापासून सुमारे १६ अंश वर येतो. एप्रिल-मे मध्ये ओमेगा सेंटॉरी हा लाखो ताऱ्यांचा गोल गुच्छ २१ अंशांपर्यंत चढतो. साध्या द्विनेत्रीतून तो कापसाच्या पुंजक्यासारखा दिसतो. युरोपातल्या बहुतेक निरीक्षकांना तो घरून दिसतच नाही.

गावोगावी पांढरे एलईडी दिवे लागले, तसं आकाश फिकट झालं. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश हवेत ६५० च्या तांबड्यापेक्षा चौपटीहून जास्त विखुरतो. दिव्यावर टोपी बसवून उजेड फक्त खाली पाडला आणि रंग पिवळसर ठेवला, तर रस्ता तेवढाच दिसतो आणि आकाश वाचतं. ग्रामसभेत हे सांगण्याजोगं आहे.

शोधनिबंध कुठे मिळतात आणि वाचायचे कसे?

अर्काइव्ह या संकेतस्थळावर १९९१ पासूनचे भौतिकशास्त्राचे निबंध फुकट मिळतात. खगोल आणि ऑप्टिक्स यांचे वेगळे विभाग आहेत आणि रोज नवी भर पडते. मात्र तिथे अजून परीक्षण न झालेले निबंधही असतात, हे ध्यानात ठेवा.

पहिला निबंध पूर्ण समजणार नाही. कुणालाच समजत नाही. आधी सारांश, मग आकृत्या आणि त्यांखालच्या ओळी, मग निष्कर्ष. गणित शेवटी. एका निबंधाला एक आठवडा द्या आणि वहीत मराठीत पाच वाक्यं लिहा: काय मोजलं, कशाने मोजलं, चूक किती, आधी काय माहीत होतं, आता नवं काय. ही पाच वाक्यं लिहिता आली नाहीत, तर वाचन झालं नाही असं समजा.

खरा डेटा आम्हाला मिळेल का?

मिळतो, आणि बहुतेक फुकट. जेम्स वेब, हबल, टेस, गाया या अवकाश दुर्बिणींची निरीक्षणं ठराविक काळानंतर सर्वांना खुली होतात. आपल्या अॅस्ट्रोसॅटची आणि सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आदित्य-एल१ चीही इस्रोच्या केंद्रातून मिळतात. आदित्य-एल१ ६ जानेवारी २०२४ ला आपल्या कक्षेत पोचलं. त्यावरची अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने बनवली आहे.

भारतात रॅड@होम हा नागरिक-विज्ञानाचा उपक्रम पदवीच्या विद्यार्थ्यांना जीएमआरटीची चित्रं वाचायला शिकवतो. एक साधा लॅपटॉप, पायथन ही संगणकभाषा आणि तिच्यातलं अॅस्ट्रोपाय हे खगोलाचं पॅकेज एवढ्यावर सुरुवात होते. घरी लॅपटॉप नसेल तर कॉलेजच्या संगणक कक्षात आठवड्याला दोन तास मागून घ्या. मागायला संकोचू नका.

इंग्रजी कच्चं आहे. मराठी माध्यमातून आलो. जमेल का?

जमेल. भौतिकशास्त्राच्या निबंधाचं इंग्रजी कादंबरीच्या इंग्रजीपेक्षा सोपं असतं. तेच दोन-तीनशे शब्द फिरून फिरून येतात. ते पाठ होतात. मला जास्त काळजी गणिताची वाटते. फूरिये रूपांतर आणि सांख्यिकी या दोन गोष्टी कच्च्या राहिल्या, तर आजच्या खगोलशास्त्रात आणि प्रकाशभौतिकीत पाऊल पुढे पडत नाही. कलन, रेषीय बीजगणित आणि थोडं प्रोग्रॅमिंग तर लागतंच.

बी.एस्सी.नंतर कुठे जायचं? कोणत्या परीक्षा?

अकरावी-बारावीच्या मुलांसाठी खगोलशास्त्र ऑलिंपियाड आहे. तिचा पहिला टप्पा एनएसईए. २०२५ ची आंतरराष्ट्रीय फेरी मुंबईत झाली. एम.एस्सी.साठी जॅम, पीएच.डी.साठी जेस्ट, नेट, गेट. पदवीत असताना आयुका आणि एनसीआरए, म्हणजे पुण्याच्या दोन शेजारी संस्था, यांच्या सुट्टीतल्या उपक्रमांकडे आणि डिसेंबरातल्या रेडिओ खगोलशास्त्राच्या हिवाळी शाळेकडे लक्ष ठेवा. भारतीय विज्ञान अकादमीची उन्हाळी शिष्यवृत्तीही आहे. तारखा दर वर्षी त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावरच पाहाव्यात. पुढे पाठवलेल्या मेसेजवर विसंबू नये.

आपण कोपऱ्यात आहोत असं मुलांना वाटतं. नकाशा काढून पाहा. पुणे आणि मुंबई दक्षिणेला. नंदुरबारहून ताप्ती मार्गाने सुरत आणि पुढे अहमदाबाद. धुळ्याहून शिरपूर, सेंधवा करत आग्रा रोडने सरळ इंदूर, जिथे राजा रामण्णा केंद्र आहे. लेसर आणि सिंक्रोट्रॉन यांचं हे देशातलं मोठं केंद्र. तिथल्या इंडस-२ मध्ये जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात वळताना जसा प्रकाश देतात, तसाच दूरच्या दीर्घिकांतले इलेक्ट्रॉन रेडिओ लहरी देतात आणि त्या खोडदला पोचतात. एकच भौतिकशास्त्र, एक बाजू इंदूरला, दुसरी खोडदला.

घरचे विचारतात, यात पोट भरेल का?

घरच्यांचा प्रश्न रास्त आहे, त्यांना उडवून लावू नका. नेट-जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, म्हणजे पीएच.डी.च्या काळात घरावर भार पडत नाही. त्यानंतर खगोलशास्त्रातल्या कायम जागा थोड्या आहेत आणि स्पर्धा कडक आहे. हे लपवण्यात अर्थ नाही. प्रकाशभौतिकीचा हात असलेल्याला मात्र फायबर, दवाखान्यातली लेसर उपकरणं, सेमीकंडक्टर, कॅमेरे, उपग्रह, विदाविश्लेषण अशा वाटा खुल्या राहतात. म्हणूनच मी दोन्ही एकत्र शिकायला सांगतो.

मुलींच्या आईवडिलांना एक वेगळं सांगतो. पुण्याच्या उन्हाळी उपक्रमाला तिला पाठवताना स्वतः एकदा सोबत जा, राहण्याची जागा पाहा, तिथल्या शिक्षकांशी बोला. पाहून आल्यावर त्यांची काळजी बरीच कमी झालेली मी अनुभवली आहे.

पाटणादेवीचा शिलालेख आणि भास्कराचार्य यांचा आजच्या संशोधनाशी काय संबंध?

भास्कराचार्य इथेच जन्मले का, यावर विद्वानांत मतभेद आहेत, ते त्यांच्यावर सोडू. शिलालेखातली गोष्ट पुरेशी मोठी आहे. १२०७ साली त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, सिद्धान्तशिरोमणी आणि भास्कराचार्यांचे इतर ग्रंथ शिकवण्यासाठी पाटण्याला मठ स्थापन केला. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी चाळीसगावच्या डोंगरपायथ्याशी खगोलगणिताचा वर्ग भरत होता.

१११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली, तो ग्रंथ पुरा केला. त्यातल्या गोलाध्यायात पृथ्वीचा परीघ काढायची रीत आहे: उत्तर-दक्षिण असलेल्या दोन गावांमधलं अंतर घ्या, त्यांच्या अक्षांशांतला फरक घ्या आणि त्रैराशिक मांडा. परिघाचं उत्तर त्यांनी ४,९६७ योजनं दिलं. मला हा अभिमानाने सांगण्यापेक्षा करून पाहण्याचा विषय वाटतो.

करून कसा पाहायचा?

दोन मित्र हवेत, एक चाळीसगावला, एक नंदुरबारला. उत्तर-दक्षिण अंतर सुमारे १०१ किलोमीटर, अक्षांशांतला फरक सुमारे ०.९१ अंश. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो: मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात आणि पुन्हा जुलैत. जुलैत ढग असतात, म्हणून मे धरा. त्या काळात दोघांनी एकाच दिवशी ओळंब्याने सरळ उभी केलेली एक मीटरची काठी घ्यावी आणि दुपारी सव्वाबारापासून पाऊणपर्यंत दर दोन मिनिटांनी सावलीचं टोक खडूने टिपावं. आपल्याकडे खरी मध्यान्ह साडेबाराच्या जरा आधी होते; नंदुरबारला चाळीसगावपेक्षा तीनेक मिनिटं उशिरा. जळगावकरांनी मधल्या एखाद्या दिवशी तेच करावं.

चाळीसगावला सावली नाहीशी होईल त्या दिवशी नंदुरबारला ती साधारण १६ मिलिमीटर उरेल. आता अडचण बघा. सूर्य बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी आहे, त्यामुळे सावलीची कडा जवळजवळ ९ मिलिमीटर पुसट असते. टोक ठरवताना २ मिलिमीटर इकडेतिकडे झालं, तर परिघात बारा टक्क्यांची चूक शिरते. काठीच्या टोकाला बारीक भोक पाडलेला पत्रा लावला, तर सावलीऐवजी सूर्याचं गोल चित्र जमिनीवर पडतं आणि त्याचा मध्य पुसट कडेपेक्षा कितीतरी चांगला सापडतो. काठी दोन मीटरची केली तर कोनातली चूक आणखी कमी होईल का, की चित्र फिकट होऊन मध्यच सापडेनासा होईल? हे मेच्या आधी घराच्या अंगणात दोन्ही काठ्या लावून ठरवा, भोकाचा व्यास वहीत लिहून ठेवा, आणि चाळीसगाव-नंदुरबारच्या आकड्यांसोबत मला पाठवा.